सातवा खळगा

दुकानात त्यांना सगळे पाढेमास्तर म्हणत. मास्तरकी त्यांनी एक दिवसही केली नव्हती. जुनी चांदीची नाणी पारखणं हे त्यांचं काम. पण गिऱ्हाईक आलं की यांचा नन्नाचा पाढा सुरू, म्हणून मालकाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

नाही म्हणायचं कारण बहुतेक वेळा एकच असे. लोक नाणी घासून आणत. कोणी टूथपेस्टने, कोणी सोड्याने, एका बहाद्दराने तर टाचा घासायच्या दगडाने. आणि वर विचारत, "आता कसं लख्ख दिसतंय, नाही?" मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

"लख्ख कसलं, अहो!" ते नाणं दिव्याखाली तिरकं धरत. "या बारीक रेघा बघा, सगळ्या एकाच दिशेने. अक्षरांच्या कडेला काळं तसंच, आणि मध्ये टक्कल. न घासलेलं नाणं कलतं केलं की त्याच्यावर उजेड फिरतो. इथे बघा, जागचा हलत नाही. नाण्याला हात लावायचा नाही. कधीच नाही!"

"मग धरायचं कशाने?"

"कडेने!" मास्तर ओरडत, आणि मालक आतून खोकत.

पण त्यांचा जीव अडकला होता दुसरीकडेच. घरी कपाटात सात खळग्यांचं एक लाकडी तबक होतं. सहा खळग्यांत एकाच ठशाने पाडलेली, राणीच्या छापाची सहा नाणी. टाकसाळीतला तो पोलादी ठसा घाव घालून घालून तडकत गेला होता. ठशाला भेग पडली की चांदी तिच्यात शिरते आणि नाण्यावर रेघ उठून येते. ओरखडा आत जातो, भेग वर येते, एवढं सोपं ते. पहिल्या नाण्यावर काहीच नाही. दुसऱ्यावर काठापासून निघालेली केसाएवढी रेघ. तिसऱ्यावर ती राणीच्या मुकुटापर्यंत आलेली. सहाव्यावर वरची रेघ कपाळाशी, आणि खालून दुसरीच एक मानेतून हनुवटीपर्यंत चढलेली. या दोघी गालावर मिळाल्या की ठसा संपला. ते दोन्ही रेघा मिळालेलं सातवं नाणं मास्तर एकोणीस वर्षं शोधत होते.

"असं नाणं निघालंच नसणार," मालक म्हणत. "त्याआधीच ठसा फुटला असेल."

"निघालंय," मास्तर म्हणत. यावरून दोघांचं आठवड्यातून एकदा तरी वाजे.

अशात मास्तरांची आत्या घर आवरून लेकीकडे राहायला निघाली. हवं ते घेऊन जा, असा निरोप आला म्हणून मास्तर रविवारी गेले. खोलीभर खोकी, भिंतींवर काढलेल्या चौकटींचे फिके चौकोन. आत्याने चहाचा कप आणि चमचा हातात दिला, आणि बटणांच्या डब्यातून फडक्याची एक पुरचुंडी काढली.

"ही तुझ्या कामाची वस्तू आहे बघ."

राणीचंच नाणं. तेच वर्ष. मास्तर खिडकीशी गेले, आणि कप चमच्यासकट कठड्यावर ठेवून त्यांनी खिशातलं भिंग काढलं. वरची रेघ कपाळ ओलांडून खाली उतरलेली. खालची हनुवटी सोडून वर चढलेली. मास्तरांनी भिंग आणखी जवळ नेलं. आता गाल.

गालावर काहीच नव्हतं. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत गाल. रेघेचा उंचवटा घासून घासून साफ खलास झालेला. रेघा मिळाल्या होत्या की नव्हत्या, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. एकोणीस वर्षं पाण्यात. उद्या मालक विचारणार आणि यांच्याकडे दाखवायला काही नाही.

"कोणत्या गाढवाने घासलं गं हे? आणि गाढव तर गाढव, वर डावखुरं! या रेघा बघ, कशा उलट्या बाजूला कलल्यात..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. भिंग त्यांच्या डाव्या हातात होतं.

"तूच की," आत्या म्हणाली. "आठ वर्षांचा होतास. मी तापाने पडले होते. उशाशी बसून तासभर घासलंस, माझी दातांची पावडर संपवलीस. म्हणालास, आत्या, यात आता तुझा चेहरा दिसेल."

मास्तरांना काही म्हणजे काही आठवेना. ओरडायला समोर कोणी उरलं नाही, याचाच त्यांना जास्त राग आला.

"आणखी होती अशी? न घासलेली?"

"होती ना, चांगली ओंजळभर. काळीकुट्ट पडलेली. ह्यांनी सोनाराकडे देऊन त्यांचे चमचे करून घेतले. तुझ्या कपातला त्यातलाच."

मास्तरांनी चमच्याकडे पाहिलं. सवयीने भिंगातूनही पाहिलं. त्या ओंजळीत एखादं तरी धड सातवं असणार, आणि ते आता चमचा होऊन चहाच्या कपात उभं होतं.

"हे एवढं मात्र मी देऊ दिलं नाही," आत्या सांगत होती. "तू घासलेलं ना! आणि तू बजावून गेला होतास, आत्या, आता याला हात लावायचा नाही. कधीच नाही. नाही लावला बाबा. कडेने धरून फडक्यात ठेवलं, ते आज बाहेर काढलं."

हेच वाक्य मास्तरांनी आजवर हजारो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. मनावर घेतलं होतं ते एवढ्या एका बाईने, आणि तेही नाणं वाया गेल्यावर. त्यांनी ते कडेने उचललं आणि पुन्हा फडक्यात बांधलं. गाठ काही नीट बसेना.

"चांगलं आहे ना रे?" आत्याने विचारलं.

पाढा तोंडात तयार होता. मास्तरांनी तो चहाच्या घोटाबरोबर गिळला.

"आहे," ते म्हणाले, पण आवाज चिडकाच लागला.