आजाऱ्याचं शहाळं

माझ्या सासूबाई सगुणाबाई आमच्या बोनकोडे गावातल्याच. शेती नव्या शहराच्या नोडमध्ये गेली, सासरे लवकर वारले, मग भाड्याच्या खोल्या बांधून आईंनी घर चालवलं. रिकामं बसणं त्यांना जमायचं नाही. अंगणात मासे खारवून वाळवायच्या. मीठ मासळीतलं पाणी ओढून काढतं हे त्यांना हाताने ठाऊक होतं. तेच मीठ आपल्या अंगात पाणी धरून ठेवतं हे मात्र पटायचं नाही, म्हणून सुकट चोरून खायच्या.

साखरेने किडन्या गेल्यावर पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तोंडाला लघवीसारखा वास यायचा. तो त्यांनाही कळायचा. पदर तोंडावर धरून म्हणायच्या, "माझीच मना घान येते गो."

आठवड्यातून तीनदा सेंटरवर डायलिसिस. पारदर्शक नळीतून आपल्याच माणसाचं रक्त फिरताना बघवत नाही. मी तोंड फिरवायचे. तिथला टेक्निशियन तबरेज, त्याने मला ते मशीन समजावून सांगितलं.

"वहिनी, या नळकांड्यात केसासारखे पोकळ धागे आहेत. धाग्यात रक्त, बाहेर औषधाचं पाणी. रक्तात घाण जास्त, पाण्यात कमी, म्हणून ती धाग्याच्या भिंतीतून आपोआप पलीकडे जाते. एकच सांगतो, शहाळं बिलकुल नको. त्यात पोटॅशियम असतं. आपलं लघवीतून जातं, आईंचं रक्तातच साचतं. हृदयाच्या पेशीत ते भरपूर, बाहेर थोडं, या फरकावर ठोका चालतो. बाहेर वाढलं की ठोका चुकतो. बंदही पडतो."

आणि आमच्या गावात आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोणी येत नाही. त्या हातात शहाळंच असतं.

अख्खी भावकी आली. ओट्याखाली शहाळी साचली, काही आंबली, माश्या घोंगावायला लागल्या. माणसं सोफ्यावर पाय घेऊन बसत, दुसऱ्या कोणाकोणाच्या किडन्या कशा गेल्या ते चवीने सांगत आणि चहात बिस्किटं बुडवून खात. एक जण तर आईंच्या उशाशी खाकरून खिडकीतून थुंकला. मला या सगळ्यांची शिसारी आली होती. मी दारातच सांगायचे की शहाळं देऊ नका. लोक हसायचे. "शाल्यानं कंदी कोन मेलाय का?"

"पाटी लावू का दारावर?" मी नवऱ्याला, हरेशला विचारलं.

"येडी हायस का? भावकी हाय. तोंडावर कसं सांगायचं?"

रविवारी चुलतसासरे आले, धर्मराजकाका. शनिवार-रविवार डायलिसिस नसायचं, म्हणजे रक्तात सगळं साचलेलं. काकांना मी दारात गाठून समजावलं. त्यांनी मान हलवली. मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर आले तर काका रिकामं शहाळं धरून उभे. आईंच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. माझ्याकडे बघून त्यांनी पदर तोंडावर ओढला. संध्याकाळी आईंच्या हातापायातलं बळच गेलं. सेंटरला फोन केला, गाडी काढली, पण गाडीतच त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली.

दहाव्याला घर माणसांनी भरलं होतं. धर्मराजकाका मधोमध बसले होते, डोळे पुसत सगळ्यांना सांगत होते, "शेवटचा पानी वैनी माझ्या हातचा प्याली. माझं नशीब."

बायका हळहळल्या. मला काकांच्या हाताकडेसुद्धा बघवेना.

"काका, त्या पाण्यानेच गेल्या त्या," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यांना नको होतं."

हरेशने माझा दंड धरला. काकांना राग आला नाही. नवल वाटलं.

"आं? ती पन नको बोल्ली ना. चार वेळा बोल्ली, हात पन धरला माझा. पन आपल्यात पयल्या 'नको'ला कोन थांबतं का, सूनबाय? आग्रह नको करायला?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हरेशनेही.