पासपोर्ट गणपतीपुढे, आम्ही बेटावर

मंडळी, आजचीच गोष्ट लिहितेय.

सेंट थॉमस बेट अमेरिकेचंच. "डोमेस्टिकच तर आहे," म्हणत आम्ही पासपोर्ट घेतलेच नाहीत. व्हिसाचं एक्स्टेन्शन आलं की पासपोर्ट गणपतीपुढे ठेवायची आमची पद्धत. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या घरी, देवघरात ते तसेच राहिले. जाताना लायसन्सवर भागलं.

पण बेटावरून परतताना इमिग्रेशनची तपासणी असते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आज परत निघताना एअरपोर्टवर ऑफिसरने विचारलं, "सिटिझन?"

माझी अमेरिकेत जन्मलेली, आठ वर्षांची ईरा पटकन म्हणाली, "आय अ‍ॅम. दे आर नॉट."

"ती जाऊ शकते. तुम्ही दोघं बाजूला थांबा."

तिकडे बोर्डिंग सुरू झालेलं. नवऱ्याने शेजारच्या काकूंना फोन लावला. आमची किल्ली त्यांच्याकडेच असते. त्यांनी पासपोर्टचे फोटो पाठवले, पानावर कुंकवाच्या बोटाचा ठसा. ऑफिसर ते कॉम्प्युटरशी ताडून बघत राहिला. मग नुसता हात हलवून "जा" म्हणाला.

विमानात सगळ्यात शेवटी आम्ही चढलो. ईराने विचारलं, "आई, इफ दे सेड नो, मी कोणाबरोबर घरी गेले असते?"

मी तिचा सीटबेल्ट लावायला घेतला. तो लावलेलाच होता.

तुम्ही काय सांगितलं असतं?