बेड्यापाशी थांबणारे काका

"घाई नाय. असोच उभो रवलंय."

आमच्या अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी थांबून, छत्रीवर दोन्ही हात टेकून काका हे वाक्य म्हणायचे. त्या काळी मालवणच्या बाजूला तुमच्या घरात लग्नाची मुलगी असती, तर हे ऐकून काय होतं ते तुम्हांला सांगायला नको. काका सोयरिकी जुळवायचे. ते दारात दिसले की आई बहिणीला लुगडं बदलायला पिटाळायची आणि चहात साखर जास्त घालायची.

काका चहा प्यायचे, माडांची चौकशी करायचे, आणि स्थळाचं अवाक्षरही न काढता पुढच्या बेड्यापर्यंत जायचे. तिथेही तेच. "मेलो चाय पिऊकच येता," आई कपबशी विसळताना पुटपुटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर जास्तच.

खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण मी गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. काकांच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्या होत्या. थोडं चाललं की पोटरीत असा गोळा यायचा की पाऊल उचलत नसे. उभं राहिलं की ओसरायचा. ज्या दारासमोर पाय अडला, त्या दारातली माणसं आशेला लागायची.

"खंय बोला नको हां," ते मला म्हणाले. "लंगड्या पायाचो मध्यस्त लग्नाच्या घरात कोणाक होयो?"

डॉक्टरांनी काकांच्या विड्या बंद केल्या आणि मुंबईहून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल मागवल्या. "खोबरेल जुनं झालं की खवट होतं ना? अंगातही काहीतरी तसंच नासतं, ते ह्यांनी थांबतं म्हणतात. गुण यायला महिने लागतील, आणि येईलच असं मी सांगत नाही." काकांनी शेवटचं वाक्य ऐकलंच नसावं. "विडी सोडतंय," ते म्हणाले. "चाय सोडूक सांगू नकात, धंदो बुडात."

गुण आला. कॅप्सूलचा की विडी सोडल्याचा, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पण पावसाळा सरल्यावर काका आमच्या बेड्यावरून न थांबता थेट ओढ्यावरच्या साकवापर्यंत जाऊ लागले. मला फार आनंद झाला. आईच्या मात्र ते मनाला लागलं. "आमच्या चेडवात काय खोट दिसली त्यांका?" म्हणून ती रडली. मी काकांना शब्द दिलेला, तेव्हा गप्प बसलो.

लग्नसराई तोंडावर आली, पण साकवापुढे पाय अजून अडायचा; काकांना कॅप्सूलचा धीर धरवेना. आमच्याकडे दुखरे पाय तापल्या वाळूत पुरून बसतात. तेही भर दुपारी तारकर्लीच्या वाळूत तसेच बसले. धडधाकट माणूस चटका बसताच पाय ओढून घेतो. काकांच्या बधिर होत आलेल्या पायाला चटका कळलाच नाही.

"बरां वाटला माका. ऊब इली," ते दवाखान्यात म्हणाले. डॉक्टरांनी फोडांवरचं फडकं काढलं आणि खाली मान घातली. भाजलेलं भरून यायला तिथे रक्तच पोचत नव्हतं. अंगठा काळा पडला, मग पाऊल. मोठ्या इस्पितळात नेऊन गुडघ्याखाली पाय कापला.

मग साऱ्या गावाला कळलं. आई पेज घेऊन त्यांना बघायला गेली. तिचं रडणं माझ्याकडून काकांच्या कानी गेलं होतं; तेच आधी बोलले.

"वयनी, तुमच्या चेडवात खोट नाय. खोट माझ्या पायात होती."

मग उशीला टेकून त्यांनी वेंगुर्ल्याच्या एका मास्तराचं स्थळ सांगितलं. पडल्यापडल्या निरोप धाडले आणि सोयरीक पक्की केली. पायातली सड मात्र वर सरकतच होती. त्यांचा ताप उतरला नाही. लग्न बघायला ते राहिले नाहीत.

बहिणीची पाठवणी करायला आम्ही सगळे एसटीकडे निघालो. काकांच्या बंद बेड्यासमोर आई थांबली. मामा पुढून ओरडले, "गो, एसटी चुकात. कित्याक रवलंस?"

आईने पदर तोंडाला लावला.

"घाई नाय," ती म्हणाली. "अशीच उभी रवलंय."