एकाच दुकानाचा गणवेश

मंडळी, आज संताप आवरत नाहीये. मेहरूणमधल्या आमच्या शेजारी रेहानाआपा शिवणकाम करतात. त्यांनी लेकीचा गणवेश घरीच शिवला. रंग तोच, कापड तेच. तरी शाळेनं मुलीला परत पाठवलं, कारण तो ठरलेल्या दुकानातला नव्हता.

मी आपांसोबत शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. मागणी-पुरवठा तुम्हाला काय सांगायचा?"

"सर, मागणी-पुरवठ्यात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं. तुम्ही ती वाटच बंद केलीत. याला मक्तेदारी म्हणतात."

मुलीला आजच्यापुरतं वर्गात घेतलं.

बाहेर आपा म्हणाल्या, "माझी शिलाई सगळ्या मोहल्ल्याला चालते. माझ्याच लेकीला का चालू नये?"

उद्याही ती हाच गणवेश घालणार आहे, आणि मी सोबत जाणार आहे. तुमच्या मुलांच्या शाळेनंही एकच दुकान ठरवून दिलंय का?