ओळ संपायच्या आत

विंझरच्या स्टँडवर एसटी उभी होती आणि आबा, माझे वडील, कापणीतून तसेच आले होते. धोतराला भाताची पाती चिकटलेली. "तितं गेल्यावर गळा जप," एवढंच म्हणाले. मी पुण्याला तबला शिकायला निघालो होतो, गळ्याचा काही संबंध नव्हता. पण आबांच्या लेखी मी त्यांचा झीलकरी होतो. भात कापताना ते भलरी म्हणत. ओळ त्यांची आणि मागून ती उचलून धरणारी झील माझी.

पुण्याहून जर्मनीत कोलोनला गेलो आणि तिथलाच झालो. मुलांना तबला शिकवतो. आणि आता आमचा चौघांचा संच उभा राहिला आहे: चेलो, पियानो, सॅक्सोफोन आणि माझा तबला. कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालंय! याला चेंबर म्युझिक म्हणतात. आबांना फोनवर समजावलं, की एका खोलीत, माईक न लावता, एकमेकांचं ऐकत वाजवायचं. त्यात आपले राग येतात, जॅझ येतं, आणि आपली भलरीही घातली आहे.

"म्हंजे भजनच की," आबा म्हणाले.

भलरीच मात्र जमत नव्हती. मी ओळ म्हणायचो, सॅक्सोफोनवाली हाना झील द्यायची. सूर नेमका, पण जीव नाही. ती आबांकडूनच ऐकायला हवी होती, आणि आबांनी गाणं सोडून दिलं होतं. कापणीला यंत्र आलं होतं, आणि विचारलं की म्हणायचे, गळा बसलाय. मला ठाऊक होतं, गळा नाही, झील गेली होती. ती मी घेऊन आलो होतो. माझ्यासारखे जे निघून आलात, तुमच्याही सामानात असं काहीतरी आलं असेल, आणि मागे राहिलेल्यांनी ते कधी मागितलं नसेल.

गेल्या दिवाळीनंतर पुण्यात आमचा कार्यक्रम ठरला, तेव्हा आधी तिघांना घेऊन विंझर गाठलं. पियानोवाला टाळ घेऊन पडवीत बसला. आबा काही केल्या तोंड उघडेनात. शेवटी हानाने भलरीची चाल वाजवायला घेतली. एका वळणावर तिचा सूर सरळ गेला आणि आबांना राहवेना. "तसं न्हाई," म्हणाले आणि ओळ सुरू झाली.

मी तबल्यावर ठेका धरला.

ओळ संपली. हानाने श्वास घेतला आणि मग झील दिली. आबा थांबले.

"ही थांबती कशापायी?"

"तुमचं संपायची वाट बघते, आबा. तिकडची रीत आहे."

"संपल्याव कोन येतं? पंचनामेवाले!"

हानाला मी ते जसंच्या तसं समजावलं. ती इतकी हसली की पुढच्या ओळीला तोल सुटून मधेच घुसली, आबांच्या शब्दावर सूर चढवून. मी चरकलो. पण आबांचा आवाज एकदम वर गेला, चेलो खालून आला, टाळ धावू लागले, आणि मीही कधी गायला लागलो ते कळलं नाही.

आतून आई म्हणाली, "गळा बसलावता न्हवं तुमचा?"

"बसलावता. उटला आता."

पुण्याला मात्र आबा आले नाहीत. मळणी सोडून कसं यायचं, म्हणाले.

आता दर रविवारी मोबाईलवर ते ओळ म्हणतात आणि मी इथून झील देतो. आवाज पोचायला क्षणभर लागतोच, त्यामुळे माझी झील तिकडे उशिरा ऐकू येते. "आजून आदी ये," ते ओरडतात. म्हणून हल्ली ओळ अर्धी व्हायच्या आतच मी इथून निघतो. तेव्हा कुठे घरी वेळेवर पोचतो.