किलिनाचा सातवा खिळा

किलिनाला एका जागी बसलेलं पाहिलंय असा माणूस आमच्या गावात शोधून सापडायचा नाही. स्वतःच्या लग्नात ही टेबलाच्या टोकाची नवरीची जागा सोडून उठली आणि पाहुण्यांच्या उष्ट्या ताटल्या गोळा करायला लागली. सासू म्हणाली, "अगं, आजचा दिवस तरी बूड टेक!" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, कारण त्या लग्नात अकॉर्डियन मी वाजवत होतो. त्याची एक पट्टी तेव्हाही मुकी होती, पण नाचणाऱ्यांना कुठे कळतंय!

गावाबाहेर लढाऊ विमानांचा तळ आहे. किलिना तिथे तीस वर्षं झाडू मारते. नवरा तिथेच मेकॅनिक होता, तो गेला. मुलगा यारेमा तिथलीच विमानं बघत वाढला आणि वैमानिक झाला. मी पनास, सामुदायिक शेतीवरचा जुना ट्रॅक्टरवाला. शेती मोडली तशी मला ट्रॅक्टरसकट तळावर घेतलं. विमान ओढायचं, ट्रॅक्टरमागे ब्रश बांधून धावपट्टी झाडायची. सात यत्ता शिकलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आमची धावपट्टी काँक्रीटच्या लाद्यांची. लाद्यांच्या फटींतून गवत यायचं आणि एकदा तर माझी शेळी तिथे चरता चरता व्याली. कुणाचं काही अडलं नाही. आमची जुनी मिग विमानं होतीच तशी दणकट. जमिनीवर असली की इंजिनाला हवा ओढणारं तोंड मिटायची आणि पाठीवरच्या फटींतून श्वास घ्यायची. खाली खडा असो की गोटा, त्यांना फिकीर नसायची.

मग शेजाऱ्यानं आमच्या देशावर चाल केली. रोज क्षेपणास्त्रं यायला लागली, आणि जुनी मिग एकेक करून कमी व्हायला लागली. दूरचे देश म्हणाले, आम्ही नवी विमानं देऊ, एफ-सोळा. यारेमाला शिकायला परदेशी पाठवलं. तो गेला, पण विमानं काही येईनात. किलिना रोज सकाळी फाटकाशी मला गाठायची.

"पनासकाका, रेडिओ काय म्हणतोय?"

"चर्चा चालू आहे म्हणतोय."

"चर्चेवर बसून उडणार आहे का माझा यारेमा?" म्हणायची आणि झाडू असा हाणायची की काँक्रीटच्या ठिणग्या उडाव्यात.

विमानांच्या आधी एक परदेशी तंत्रज्ञ आला. उंच, लाल कानांचा. धावपट्टीवर चार पावलं चालला, वाकून एक खडा उचलला आणि आमच्या मेजर होर्दींच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "हे तुमचं एक इंजिन." या नव्या विमानाचं तोंड म्हणे पोटाखाली, जमिनीलगत, आणि कायम उघडं. समोर येईल ते गिळतं. गिळलं की इंजिनाची पाती तुटतात, आणि पाती तुटली की विमान दगडासारखं खाली.

त्या दिवसापासून किलिना म्हणजे तळाची सेनापती. फटींत डांबर ओतून झालं, गवत जाळून झालं. आणि सूर्यफुलाच्या बिया! आमच्याकडे माणूस बिया चघळत जन्मतो आणि टरफलं थुंकत मरतो. किलिना फाटकावर उभी राहून प्रत्येकाचे खिसे उलटे करायची. मेजरसाहेबांच्या खिशातून मूठभर निघाल्या.

"मावशी, या घरी न्यायच्या होत्या," मेजर म्हणाले.

"मग ओठावर टरफल कशाला चिकटलंय, मेजरसाहेब?"

मेजर आमच्याच बाजूचे, पलीकडच्या गावचे. ओठ पुसला आणि आत गेले.

लाल कानवाल्यावर मात्र तिचा जीव होता. तिच्या वाढदिवसाला त्यानं आठ गुलाब आणले. फुलं मोजली आणि किलिनाचा चेहरा पांढराफटक पडला. सम संख्येनं फुलं आमच्याकडे मेलेल्या माणसाला वाहतात. तिनं त्यातलं एक उपटलं, त्याच्याच टोपीत खोचलं, मग त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बिचाऱ्याचे कान आणखी लाल झाले.

शेवटी विमानं आली. त्यातलं एक यारेमानं आणलं. नऊ महिन्यांनी मुलगा दिसला, तर आईचं पहिलं वाक्य: "बूट झटक आधी, माती आणलीस."

आणि आता त्या दिवसाची गोष्ट. सकाळची न्याहारी झाली न झाली तोच भोंगा वाजला. यारेमा या तळावरून पहिल्यांदाच लढायला जाणार होता. मी विमान आडोशातून ओढून बाहेर काढत होतो. वळणावर किलिना दिसली. पदर धरावा तसा एप्रन धरलेला. मला वाटलं, पोरासाठी पाव आणलाय. मी पुढे बघत होतो, मागे काय झालं ते मला दिसलं नाही. इंजिन सुरू झालं आणि यारेमा ढगात गेला.

अर्ध्या तासानं किलिना फाटकातून धावत आली. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. माझ्या ट्रॅक्टरला दोन्ही हातांनी धरलं.

"पनासकाका, मला मेजरकडे ने. मी माझ्या लेकराला मारलंय."

मेजर नियंत्रण मनोऱ्याच्या पायथ्याशी होते. तिनं एका दमात सांगितलं. किलिनाचे आजोबा लोहार. त्यांच्या घरात कुणी लांब निघालं की गव्हाच्या पिशवीतली मूठ त्याच्यावर उधळतात. आणि लोहाराचं घर म्हणून त्या पिशवीत घोड्याच्या नालाचे खिळे ठेवलेले असतात, लोखंडासारखा धड परत ये म्हणून. भोंगा वाजल्यावर तिनं घाईघाईनं पिशवीतले खिळे चाचपून काढले, टेबलावर टाकले आणि नुसता गहू घेऊन आली. विमान वळताना एक मूठ उधळली, लगेच झाडून घेतली. दाणा न दाणा उचलला.

"मग झालं तर," मेजर म्हणाले. "खिळे घरी आहेत ना?"

"घरी जाऊन मोजले. सहा आहेत."

मेजरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. लाल कानवाला शेजारीच होता, तो दुभाष्याला विचारत राहिला, सहा म्हणजे काय, सहा चांगले की वाईट? त्याला कोण सांगणार! आमच्यातला कुठला माणूस शकुनाच्या पिशवीत सहा खिळे ठेवेल? पाच ठेवेल, सात ठेवेल.

"सात होते," मेजर म्हणाले.

"मला आठवत नाही हो! पिशवी आईनं शिवून दिलेली, मी कधी मोजलेच नाहीत. पण सहा कसे असतील?"

म्हणजे सातवा त्या मुठीत होता. आणि मागून विमानाच्या झोतानं तो कुठे उडवला असेल, धावपट्टीवर की गवतात, देव जाणे. यारेमाकडे आता पाऊण तासाचं इंधन उरलेलं. शेजारच्या तळावर त्याच वेळी क्षेपणास्त्रं पडत होती, तिकडे उतरायची सोय नाही. उतरायचं तर इथेच.

मेजरांनी सगळ्यांना बोलावलं. स्वयंपाकी, कारकून, पहारेकरी, एकूणएक माणूस खांद्याला खांदा लावून धावपट्टीच्या पलीकडच्या टोकापासून चालायला लागला, माना खाली. मला आठवलं, गावच्या क्लबातल्या जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक माझ्या ट्रॅक्टरच्या पेटीत आहे. त्या लाउडस्पीकरवर आमच्या सामुदायिक शेतीचा चेअरमन वर्षानुवर्षं बीट लावणीची भाषणं द्यायचा. म्हटलं, जन्मात एकदा तरी कामाला येऊ दे. ट्रॅक्टरमागे दोरीनं लटकवलं आणि फिरवत सुटलो. एक केसांची पिन मिळाली, दोन वॉशर, एका ब्रेसियरचा हूक. खिळा नाही. (हूक कुणाचा ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.)

किलिना रांगेत नव्हतीच. रांगेच्या पुढे गुडघ्यांवर, तळहातानं काँक्रीट चाचपत. मी म्हटलं, "किलिना, ऊठ, गुडघे फुटलेत तुझे."

"फुटू देत. बोलू नकोस, दिसत नाही मला बोललं की."

मनोऱ्यावरून ओरड आली: दोन क्षेपणास्त्रं पाडली, यारेमा परत येतोय! एरवी टोप्या उडाल्या असत्या. आज एकही मान वर झाली नाही. धावपट्टीचा पलीकडचा अर्धा भाग झाडून झाला होता, अलीकडचा राहिला होता. मेजरांनी रेडिओवर सांगितलं, "लांबच्या अर्ध्यात टेक आणि थांबलास की तिथेच इंजिन बंद. एक पाऊल पुढे नाही. पनास ओढून आणेल."

विमान टेकलं. माझ्या आयुष्यात मी गाडीखाली दोनदा सापडलोय, पण इतका श्वास कधी कोंडला नव्हता. धावलं, धावलं, मंदावलं आणि उभं राहिलं. इंजिनाची शिट्टी उतरत उतरत बंद झाली. किलिना तोपर्यंत विमानापाशी पोचली होती, एका बुटानं.

यारेमा उतरला, घामानं निथळत. "आई, काय झालं? सगळे खाली काय शोधतायत?"

तिनं सांगितलं. गहू, पिशवी, सहा खिळे, सगळं. यारेमानं ऐकलं, खाली बघितलं, मग अंगातल्या कपड्याची आतली शिवण दातांनी उसवली आणि तळहात पुढे केला. त्यावर नालाचा खिळा, काळा, वाकडा, किलिनाच्या लोहार आजोबांच्या हातचा.

"परदेशी जाताना घेतला होता," तो म्हणाला. "घरचं काहीतरी जवळ असावं म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

किलिनानं खिळा बघितला. मग असा एक धपाटा दिला की नुकतीच दोन क्षेपणास्त्रं पाडलेला वैमानिक चार पावलं मागे गेला.

"मेल्या! नऊ महिने घरात सहा खिळे ठेवून गेलास? सहा? दोन नाही का घ्यायचेस?"

"मोजले नाहीत गं, घाईत होतो."

"वैमानिक म्हणे! उंची मोजतो, वारा मोजतो, खिळे मोजता येत नाहीत!" आणि मग ती काँक्रीटवर बसली. मी पहिल्यांदा तिला बसलेली पाहिली. पण किती वेळ? लाल कानवाला तेवढ्यात पुढे आला, खिळा उचलून लाल होत ओरडायला लागला. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतायत, विमानाच्या आत सुटं लोखंड? बाहेरच्या खड्यापेक्षा वाईट! कुठे अडकलं असतं तर?" किलिना ताडकन उठली. "बरोबर बोलतोय लाल्या. ऐक त्याचं!"

मेजरांनी निकाल दिला. मेकॅनिकांच्या खोलीत हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक पान्याची आकृती त्यावर रंगवलेली. उड्डाणाआधी प्रत्येक हत्यार आपल्या आकृतीवर आहे का ते बघतात, एक जरी कमी असलं तर विमान हलत नाही. त्या फळ्याच्या कोपऱ्यात खिळ्याची आकृती काढली आणि खिळा तिथे टांगला. तो तिथे असल्याशिवाय यारेमाचं विमान सोडायचं नाही. शकुनही झाला आणि नियमही.

किलिनाला तरी चैन नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात हजर. मुठीत एक खिळा.

"घरात परत सहाच राहिले. हा तू ठेव, काका. मग माझे पाच होतील."

"आणि माझ्याकडे एक?"

"एक विषमच असतो. तू सातवीपर्यंत शिकलायस ना?"

तो खिळा माझ्या खिशात असतो. पण तळावर सुटं लोखंड नेता येत नाही. म्हणून रोज सकाळी फाटकावर किलिना माझे खिसे उलटे करते, तोच खिळा काढून घेते, पहारेकऱ्याच्या डब्यात टाकते, आणि संध्याकाळी मला परत देते. भोंगा वाजला की धावत जाऊन मेकॅनिकांच्या फळ्याकडे बघते, तिथून डब्याकडे, तिथून आभाळाकडे. यारेमा उतरेपर्यंत तिचा झाडू एकाच लादीवरून फिरत असतो. ती लादी आता तळावरच्या बाकी सगळ्या लाद्यांपेक्षा पांढरी दिसते.