आबांच्या पेटीचं कुलूप

निमगावच्या बाजारात चाव्या करणारे चाचा गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत, कुलपाकडे बघूनच बोलतात. कुलूप उघडलं की झाकण आपण उचलायचं. ते तोंड फिरवून बसतात.

वडील गेल्यावर मी बारामतीहून आलो आणि त्यांची लोखंडी पेटी चाचांकडे नेली. चावी कुलपातच मोडली होती. त्यांनी तेल सोडलं, हलक्या हातानं ठोकत कुलपातला चावी फिरते तो अडकलेला सिलिंडर काढला, नवा बसवून कुलूप उघडलं. मग जुन्यातला चावीचा तुकडा तळहातावर घेतला.

"हिचा दुसरा तुकडा घिऊन तुमचं आबा आलं हुतं. म्या म्हनलं, पेटीच आणा हितं."

"मग?"

"आबा म्हनलं, उचलाय घरात कुणी न्हाय."

एवढं बोलून चाचांनी तोंड फिरवलं. झाकण अजून बंदच होतं.